हाफियाच्या दारातील पिवळी फुले

ट्युलिपच्या कंदाइतकी मुकी वस्तू दुसरी नसावी. लाल फुलाचा असो की पिवळ्या, त्याची साल तीच तपकिरी आणि टोक तेच अणकुचीदार. शरदात मातीत पुरताना तो आपला रंग सांगत नाही. वसंतात सांगतो तेव्हा ऐकायला सारे गाव हजर असते. हाफियाने आपला बेत या मुकेपणावरच रचला होता.

तिला एकच मुलगा, लावरिन. तो दूर पूर्वेकडे कोळशाच्या खाणीवर गेला होता, आणि ईस्टरला परतून उस्तीनाशी लग्न करून गावातच राहीन, असा शब्द त्याने उस्तीनाला दिला होता. उस्तीनाला बाप नव्हता की घरी गाय नव्हती; पण हाफियाचा खरा राग त्यावर नव्हता. उस्तीना समोर असली की लावरिनला आईची पहिली हाक ऐकू येत नसे. मुलगा आपल्या एकटीचा राहावा, एवढेच तिला हवे होते. नकाराला मात्र कारण लागते. आणि कारण हाताशी नसेल तर ते पेरावे लागते.

ऑक्टोबरातला पोक्रोवाचा सण उलटल्यावर तिने उस्तीनाला बोलावून घेतले आणि कंदांची टोपली तिच्यापुढे सरकवली.

“या घरची सून होणार ना? मग दारातली वाट तूच फुलव. तो येईल तेव्हा फाटकापासून उंबऱ्यापर्यंत सगळं लाल दिसलं पाहिजे.”

“लालच आहेत ना, काकू?”

“नाही, निळे आहेत! अगं, माझ्या हातांनी काढून सुकवलेत. माझ्यावर संशय?”

उस्तीना ओशाळली आणि गुडघे टेकून खणू लागली. हाफिया बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती आणि कुंपणाजवळून जाणाऱ्या-येणाऱ्यांना उस्तीना वाट फुलवतेय, असे सांगत होती. अर्धी वाट लावून झाली, तशी ती उठली आणि काठीने माती उकरून पाहू लागली.

“हे काय, कांदे लावतेस? कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल जायला हवं. काढ सगळे! तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का गं? हां, तिला अंगण होतंच कुठं म्हणा!”

उस्तीना हसली. टोमणे सुनेलाच मारतात, परकीला नव्हेत, असा अर्थ तिने मनाशी काढला. आणि तो काढताना तिचा चेहरा इतका उजळला की हाफियाला तो क्षणभर पाहवेना. क्षणभरच. बर्फाळ चिखलाने बोटांना भेगा पडेपर्यंत उस्तीनाने सारे कंद उपसून पुन्हा लावले.

पिवळे फूल म्हणजे ताटातूट, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मुलीने मुलापुढे पिवळे फूल धरले की तिला तोंड उघडावे लागत नसे. ईस्टरच्या आधी कळ्यांची हिरवी टोके फाटून आतला पिवळा रंग दिसू लागला, तेव्हा उस्तीना सुरी घेऊन धावत आली.

“काकू, टोपल्यांची अदलाबदल झाली असेल. मला कापू द्या!”

“सणाच्या तोंडावर फुललेलं अंगण उजाड करायचं?”

“अहो, पण लोक काय म्हणतील? तो काय म्हणेल?”

“तू जे लावलंस तेच म्हणतील.”

उस्तीनाने तिच्याकडे पाहिले आणि तिला सारे कळले. सुरी हातातच राहिली. परक्या अंगणातले फूल मालकिणीला न जुमानता कापणारी मुलगी त्या घरात सून म्हणून येऊ शकत नव्हती; न कापणारीही आता येऊ शकत नव्हती.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधून परतणाऱ्या बायका हाफियाच्या कुंपणाशी थबकल्या.

“अगो बाई, पिवळीच पिवळी!” शेजारीण परास्का ओरडली. “पोरीनं खाणीवाल्याला सोडलं की! तोंडानं सांगायला जीभ झिजत होती का हिची?”

इतक्यात लावरिन ट्रकमधून उतरला. त्याने फुले पाहिली, मग गर्दीतली उस्तीना पाहिली.

“मी नाही रे...” ती बोलू लागली.

“राहू दे, उस्तीना. समजलं मला,” तो म्हणाला आणि घरात गेला.

हाफिया आनंदाने सणाचा गोड पाव कापत होती. लावरिन धपकन बसला.

“बरं झालं, आई. सुटलो! तिकडे ल्यूबा आहे, राहायला खोलीही मिळतेय. उस्तीना शब्दावर अडून बसली असती तर इथंच राहावं लागलं असतं. आता कुणी मला नावं ठेवणार नाही. ट्रक थांबलाय, निघतो.”

हाफियाची सुरी पावातच अडकली.

“आणि मी?”

“तू खंबीर आहेस, आई.”

तो निघाला. हाफिया त्याच्यामागे धावली आणि फाटक धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “कंद मी दिले! जाणूनबुजून पिवळे दिले! पोरीचा काही दोष नाही. लावरिन, थांब!”

परास्काने डोक्यावरच्या रुमालाचे टोक डोळ्यांना लावले.

“याला म्हणतात मन! जिनं पोराला झिडकारलं, तिचीच अब्रू झाकतेय बिचारी.”

बायका हाफियाच्या गळ्यात पडू लागल्या. कुणी तिच्या मुठीत ईस्टरचे रंगवलेले लाल अंडे कोंबले. “पुरे आता, आई,” असे म्हणून लावरिन ट्रकमध्ये चढला. बायकांच्या मिठीतून हात सोडवत हाफिया उस्तीनापर्यंत पोहोचली.

“तू तरी सांग यांना! तुला ठाऊक आहे सगळं. अगं, तो चाललाय!”

उस्तीनाने ट्रककडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले.

“काय सांगू, काकू?” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “लावली तर मीच.”

“ऐकलंत?” परास्का म्हणाली. “स्वतःच्या तोंडानं कबूल केलं हिनं.”

ट्रक सुरू झाला.