रिकाम्या ताटल्या

एतेल्कामावशीनं छत्तीस वर्षं केरेकहात गावात टपाल वाटलं, पण इतक्या जपून पिशवी तिनं कधी छातीशी धरली नव्हती. आणि पिशवीत होतं काय? सहा कागद! त्यावर त्रेचाळीस सह्या. ज्या गावात लोक हवामानाबद्दल बोलतानासुद्धा आधी मागे वळून बघतात, त्या गावातल्या त्रेचाळीस सह्या. ही काय साधी गोष्ट झाली?

सह्या होत्या नव्या पक्षासाठी. 'उघडं फाटक' असं त्याचं नाव. सत्तेवरचे म्हणायचे, हे विरोधकांचे हस्तक. जुने विरोधक म्हणायचे, हे सत्तेवाल्यांचे. सरपंच देझोनं तर भर दुकानात टोमणा मारला होता, "फाटक उघडं ठेवलं की कोंबड्या जातात हो मावशी, मतं येत नाहीत." मावशी तेव्हा पाव घेऊन मुकाट्यानं घरी आली होती, पण तो टोमणा तिच्या मनात सलत राहिला.

तालुक्यातून पक्षाची उमेदवार उभी राहणार होती किंगा, गुरांची डॉक्टर. अर्ज भरायला मतदारांच्या पाचशे सह्या हव्यात, हा नियम. म्हणून मावशीनं आधी दुकानासमोर टेबल मांडलं. पण दुकानाच्या अगदी समोर सरपंचाची कचेरी, आणि निम्म्या गावाची रोजंदारी सरपंचाच्या हातात. तीन दिवस थंडीत बसून मावशीला मिळाली काय, तर सर्दी. लोक टेबल दिसलं की रस्ता बदलायचे.

मग मावशीनं डुक्कर कापलं.

म्हणजे ती दर फेब्रुवारीत कापतेच. आणि केरेकहातात डुक्कर कापलं की घरोघर चवीची ताटली जाते. आतड्यात भात भरून केलेलं हुर्का, सॉसेज, मूठभर कुरकुरीत चरबी आणि वर पांढरा रुमाल. ती ताटली त्या घरीच राहते. त्यांचं डुक्कर कापलं की भरून परत येते. रिकामी ताटली परत करायची नाही, कधीच नाही. केली, तर तुमचं-आमचं संपलं असा अर्थ. विन्त्सेनं सख्ख्या भावाला रिकामी ताटली पाठवली, त्याला वीस वर्षं झाली. अजून दोघं एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नाहीत. म्हणूनच हिवाळ्यात ज्या घरचं कपाट ताटल्यांवाचून ओकंबोकं, ते घर गावात मानाचं.

मावशी सव्वीस घरी सव्वीस ताटल्या घेऊन गेली. ताटली घेऊन जाणाऱ्या बाईला कुठे चाललीस म्हणून कोण विचारणार? दार लागलं की ती पिशवीतून कागद काढायची. बंद दाराआड माणसं वेगळीच निघाली! शेजारीण गिझीनं तर डोळ्यांत पाणी आणून सही केली. म्हणाली, "माझा आरोन देझोच्या हाताखाली रस्ते झाडतो गं. इंजिनीअर झालेलं पोर! आण, माझं नाव सगळ्यात वर लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी किंगा कागद न्यायला आली. मावशीनं तिच्यासमोर सॉसेज ठेवलं आणि कागद ठेवले.

"त्रेचाळीस!" किंगानं मावशीला मिठीच मारली. "आपल्या पाचशे एकवीस झाल्या, मावशी! उद्या चारला मुदत संपते. मला झोप नव्हती. कसं जमवलंत?"

"कसं म्हणजे? ताटली घेऊन गेले. एका हातात ताटली, एका हातात कागद."

किंगाचा घास हातातच राहिला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "सहीच्या बदल्यात काहीही द्यायचं नसतं. साधं पेनसुद्धा नाही. कायदा आहे तसा."

"बदल्यात? अगं, कसला बदल्यात? मी चाळीस वर्षं ताटल्या पाठवतेय!"

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. मावशीला देझोचा आवाज ऐकू यायला लागला : सॉसेज देऊन सह्या घेतल्या, सॉसेज देऊन! मावशी खुर्चीत बसली. त्रेचाळीस गेल्या तर उरतात चारशे अठ्ठ्याहत्तर. बावीस कमी. म्हणजे किंगाचा अर्जच बाद, आणि तोही आपल्या मूर्खपणामुळे.

"कुणाला कळणारही नाही कदाचित," किंगा खिडकीकडे बघत म्हणाली. तिचं तिलाच ते आवडलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मावशी ताडकन उठली. "छत्तीस वर्षं मी या गावाची पाकिटं वाटली, एकही कधी वाफेवर उघडलं नाही. हे असलंच करायचं तर त्या देझोचा पक्ष काय वाईट आहे? पेन आण इकडे." आणि तिनं सहाही कागदांवर उभीआडवी काट मारली.

त्या दुपारी ती पुन्हा सव्वीस घरी गेली. प्रत्येक दारात एकच बोलली : "माझी चूक झाली. ताटली घेऊन सही मागायला नको होती. तुमची सही रद्द केलीय. उद्या सकाळपासून दुकानासमोर बसते कोरा कागद घेऊन. या असं म्हणत नाही, सांगायला आले." लोकांनी ऐकून घेतलं. गिझीनं तर दार हळूच लावून घेतलं. ते मावशीला फार लागलं.

सकाळी आठला ती टेबलाशी बसली. नऊ वाजले. साडेनऊ. कचेरीच्या खिडकीत देझो कॉफी पीत उभा. किंगा शेजारी बसून उगाच कागद सारखे करत होती.

आणि मग चौकातून गिझी आली. भर रस्त्यातून, मान वर करून, आणि हातात ताटली. मावशीची निळ्या काठाची ताटली. स्वच्छ धुतलेली. रिकामी.

तिनं ती टेबलावर आपटलीच. मावशी खुर्चीतून अर्धवट उठली.

"गिझी, अगं एवढं काय..."

"ही घे तुझी ताटली. आजपासून तुझं-माझं काही देणंघेणं नाही," गिझी अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली. "तुझं सॉसेज नाही, काही नाही. आता कुणाची बिशाद आहे म्हणायची की मी खाऊन सही केली! आण तो कागद."

तिच्यामागून विन्त्से आला, रिकामी ताटली काखेत मारून. त्याच्यामागे बेकरीवाली. मग रांगच लागली. प्रत्येक जण ताटली ठेवी, "संपलं आपलं, एतेल्का!" म्हणे आणि पेन घेई. कुणाला हसू आवरत नव्हतं, कुणाला रडू. विन्त्सेच्या मागे तीन माणसं सोडून त्याचा भाऊ उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण रांग कुणी सोडली नाही.

बंद खिडकीतून देझोला दिसल्या त्या फक्त ताटल्या. गाव एतेल्काला टाकतंय, याहून दुसरा अर्थ त्याला कसा लागणार? तो हसत हसतच खाली उतरला.

"अरेरे, मावशी! एका दिवसात सगळ्यांनी नातं तोडलं? केलंत तरी काय तुम्ही?"

मग त्याचं लक्ष कागदाकडे गेलं. नंतर रांगेकडे. एकेका चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली. पूर्वी त्या नजरेनं माणसं बुटांकडे बघायला लागायची. आज एकानंही मान खाली घातली नाही. रांगेत आरोन उभा होता, झाडूवाल्यांचं पिवळं जाकीट घालून. हे माझं गाव, मावशीला वाटलं. हे माझं गाव आहे!

"देझो," गिझी मागून म्हणाली, "सही करायची तर मागे उभा राहा, नाहीतर बाजूला हो. रांग अडलीय."

तो बाजूला झाला.

तीनच्या सुमाराला किंगा सत्तावन्न सह्या घेऊन गाडीत बसली. ताटल्यांची चळत मावशीला एकटीला उचलवेना. तेव्हा जिच्याशी तिचं सकाळीच संपलं होतं, त्या गिझीनंच अर्धी चळत उचलून घरापर्यंत आणली. दोघींनी सव्वीसच्या सव्वीस ताटल्या कपाटात लावल्या. फेब्रुवारी महिना आणि कपाट गच्च भरलेलं. इतकी बेअब्रू केरेकहातात कुणाची झाली नव्हती.

गिझी कपाटाचं दार लावायला गेली.

"राहू दे उघडं," मावशी म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."