कोऱ्या नळीत सापडलं ते

प्रयोगशाळेत तिला सगळे गिरणीवाली म्हणत. तपासणीला आलेलं मक्याचं, सोयाबीनचं बियाणं दळून त्याचं पीठ करायचं, हे तिचं काम. त्यात जनुक बदललेलं बी मिसळलंय का, ते पुढे यंत्र सांगे. हजारात एक दाणा असला तरी पकडे. म्हणून अंगावर पीठ घेऊन वावरणाऱ्या दळणाऱ्या बाईनं, यंत्रात घालायच्या नळ्या जिथे भरतात त्या मिश्रणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा दंडक होता. चहासुद्धा ती आपल्या खोलीत एकटीच घेई. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे घरीही तेच.

मधल्या भिंतीला काच होती. पलीकडे नवी मुलगी नळ्या भरताना गाणं गुणगुणे. ते दिसे, ऐकू येत नसे.

मंगळवारी ती मुलगी फोन ठेवून मटकन खाली बसली आणि तोंड झाकून रडू लागली. गिरणीवालीनं काच वाजवली. मुलीनं वर पाहिलंच नाही. तिला राहवेना. अंगातला कोट काढून ती आत गेली. केसांतलं पीठ काही ध्यानात आलं नाही.

"काय झालं बाळा?"

"लग्न मोडलं, मावशी. कुणाला सांगू नका."

"नाही सांगत." तिनं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या नळीत, जिच्यात नुसतं पाणी असायला हवं, तिथेही बदललेलं जनुक दिसलं. चौदा नमुन्यांची तपासणी बाद झाली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"आत कोण गेलं होतं?"

मुलगी जमिनीकडे बघत राहिली.

"मी," गिरणीवाली म्हणाली. "चिकटपट्टी संपली होती, ती घ्यायला."

"अकरा वर्षं काढलीत इथे, आणि चिकटपट्टीसाठी?"

"चुकलंच साहेब."

मागे कुणीतरी हसलं.

चौदाही नमुने तिनं पुन्हा दळले. मिश्रणाच्या खोलीला कुलूप आलं. मुलगी एकदा तरी येऊन बोलेल, असं तिला उगाचच वाटत होतं. शुक्रवारी सुटल्यावर ती फाटकापाशी दिसली, मैत्रिणींच्या घोळक्यात. नजरानजर झाली तशी मुलीनं मान वळवली. गिरणीवालीला राग आला नाही. आपल्याला रडताना पाहिलेल्या बाईशी बोलायचं तरी काय?

घरी पोचते तोच धाकट्या बहिणीचा फोन आला.

"आवाज का गं असा? कुणी काही बोललं का?"

"मला कोण बोलतंय?" ती हसून म्हणाली. मग बहिणीनं मुलाच्या परीक्षेचं काढलं, आणि ती "हो का, बरं झालं" म्हणत ऐकत राहिली.