गोलातली नलू

रामा मेहेर सातपाटीहून किलोभर ओले बोंबील घेऊन आला की त्याचं काहीतरी अडलेलं असतं. या वेळी बोंबील दीड किलो होते. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मास्तर," खुर्चीत टेकायच्या आधीच तो म्हणाला, "मी नलूला झाकून बसलोय. मला उठवा."

नलू म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं होत आली. मी पालघरच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, आता घरी असतो आणि घरात कॉम्प्युटर आहे. एवढ्या भांडवलावर रामा मला या विषयातला तज्ज्ञ समजतो. त्याचा गैरसमज मी दूर केलेला नाही. बोंबील मलाही आवडतात.

प्रकरण असं होतं. त्याची मुलगी दिशा बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तिनं बापाला फेसबुक काढून दिलं आणि वरच्या मोठ्या चित्राच्या जागी घरातला जुना फोटो लावला. चौऱ्याऐंशी साली रामाच्या वडिलांनी, आबांनी, नवी बोट पाण्यात सोडली त्या दिवशीचा. पुरुष सगळे बोटीवर, बाया खाली वाळूवर. डाव्या टोकाला, हातात पूजेचं ताट घेतलेली, एकोणीस वर्षांची नलू. आणि फेसबुकनं रामाचा आधारकार्डावरचा चेहरा गोल कापून बरोब्बर तिच्यावर आणून ठेवला होता.

नलूच्या भावानं, कुंदननं, दातिवऱ्याहून खाली लिहिलं होतं, "भावोजी, आमची नलू कुठं हाय?" बेचाळीस जणांनी त्याला अंगठे दिले होते.

"तिचा तो एकच फोटो," रामा म्हणाला. "बाकी समद्यात पाठ नायतर डोक्यावरची माशांची पाटी. कॅमेरा बघितला की पदर तोंडावर. यात तेवढी सरळ बघतेय."

मी फोटो मोठा करून पाहिला. सरळ बघत होती खरी, पण फाडून खाईल अशी.

"रुसलीय का?"

"तिला बोटीवर चढायचं होतं." रामा हसला. "लग्नाला आठ महिने झालेले. म्हणाली, फोटोपुरती चढते, लगेच उतरते. आबा म्हणाले, बाया वाळूवर. मी काय बोलणार? मी आबांच्या बाजूला उभा. पुढं बोट जुनी झाली, विकली. आबा गेले. मग एकदा मीच म्हटलं, चल, कुंदनच्या बोटीवर बसवतो. तर म्हणते, आता कशाला, गुडघे दुखतात."

आधी मी मागचा फोटो सरकवून पाहिला. वर सरकवला तर आबांचं डोकं गेलं. खाली घेतला तर ताट गेलं, नलू तशीच झाकलेली. रामानं आबांचं डोकं ताबडतोब परत आणायला लावलं. चाळीस वर्षांनीही धाक होता.

शेवटी मी म्हटलं, "रामाभाऊ, तुम्हीच उठा. गोलात तिला बसवू. याच फोटोतला तिचा तुकडा कापून तिच्याच जागी ठेवायचा. कडा जुळल्या तर तिथे गोल आहे हे कळणारसुद्धा नाही."

"आणि मी?"

"तुम्ही बोटीवर आहातच की. आबांच्या बाजूला."

हे त्याला पटलं. मग आमची दुपार त्यात गेली. पहिल्या खेपेला गोलातलं अर्धं ताट परातीएवढं आणि बाहेरचं अर्धं बशीएवढं. दुसऱ्या खेपेला नलू स्वतःच्या पदरापासून चार बोटं लांब. रामानं चष्मा चढवला आणि पडद्याला नाक लावलं. जाळ्याच्या भोकाला हे लोक आस म्हणतात. रामा त्याच मापात बोलू लागला.

"अर्धी आस डावीकडं. वर... वर... गेली! जरा ढिली सोडा, मास्तर. खेचताय काय?"

जन्मभर जाळी विणलेला माणूस, मला न दिसणारा फरक त्याला दिसत होता. सातव्या खेपेला पदराची किनार किनारीला लागली, ताट ताटाला. गोलाची पांढरी कड तेवढी तिच्याभोवती राहिली.

"ती काढा."

"ती निघत नाही."

"मग राहू दे." तो बघतच बसला. मी उगाच चहा टाकायला आत गेलो.

चहा होईपर्यंत रामा मेहेर या नावाखाली एका रागीट तरुणीचा चेहरा जगभर गेला होता, आणि एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं होतं, "हाय डियर, कुठून?" रामानं एका बोटानं टाइप करून सभ्यपणे उत्तर दिलं, "सातपाटी."

चहा पिऊन तो गेला. पाच मिनिटांत जिन्यावर पुन्हा त्याच्या चपला वाजल्या.

"मास्तर, नलू बोटीवर चढली!"

त्यानं मोबाइल पुढे केला. मोबाइलवर चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जातात आणि गोल मोठा होऊन आत सरकतो. हे मला माहीत असायला हवं होतं, तज्ज्ञ होतो ना मी! वाळूचं डावं टोक गेलं होतं. रामाच्या चिंतूकाकांच्या जागी, थेट रामाला खेटून, अर्धं ताट घेऊन नलू बोटीत बसली होती. आबा समोर बघत होते. त्यांना अजून पत्ता नव्हता.

मी ओशाळून माउस धरला. "मोबाइलसाठी पुन्हा जुळवतो. पण मग कॉम्प्युटरवर बिघडेल. दोन्हीकडे एकदम नाही जमायचं."

"आमच्या आळीत कॉम्प्युटर कुणाकडं हाय?"

"ते मला काय ठाऊक?"

"कुणाकडं नाय. म्हणजे कुंदनला, दिशाला, समद्यांना हेच दिसणार?"

"हेच."

तेवढ्यात मोबाइल वाजला. कुंदनचा मजकूर होता: "चढली एकदाची."

रामानं मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"बघा," तो म्हणाला, "चढून पण रुसलेलीच हाय."

"मग? उतरवू?"

"नको, नको." त्यानं मोबाइल सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला. "चाळीस वर्षं लावली आमी. रुसणारच."