पेटीतली भाषा

एकोणीसशे त्र्याण्णव सालचा वैशाख. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पंधरा वर्षं झाली तरी मिटला नव्हता. आमचं गाव पालमच्या रस्त्यावरचं. अठ्ठ्याहत्तर साली त्याच वादात गावातल्या बौद्धवाड्यातली घरं जळाली होती. त्याबद्दल उघड कोणी बोलत नसे, पण कोण कोणाच्या ओट्यावर बसतो ते सगळं गाव पाहत असे. आईचा हात मोडला म्हणून मी पाथरीहून माहेरी येऊन राहिले होते.

माझा धाकटा भाऊ शिवरुद्र परभणीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा, रोज एसटीनं जाऊन-येऊन. त्याला जपानी भाषेचं वेड होतं. कॉलेजात असताना रेडिओची सुई फिरवता फिरवता त्याला जपानचं स्टेशन लागलं आणि ते कानातून निघालंच नाही. पत्र टाकून त्यानं तिथली पुस्तिका मागवली होती, पण तिच्यावर त्याचा फारसा भरवसा नव्हता. लेकरू काय व्याकरण वाचून बोलायला शिकतं, असं तो म्हणायचा. बातम्या, हवामान, रेडिओवरची नाटकं, सगळं टू-इन-वनवर टेप करायचा आणि एकेक वाक्य मागे घेऊन घेऊन ऐकायचा. रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या त्या यंत्राला आई पेटी म्हणे. टेपमधून उचललेल्या शब्दांसाठी त्यानं क्लासच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रामही बनवला होता. पडद्यावर शब्द यायचा. अर्थ आठवला, तर तो शब्द आठ दिवसांनी परत येई, मग महिन्यानं. विसरला, तर दुसऱ्याच दिवशी दारात हजर. मला मुद्दाम नेऊन दाखवलं होतं त्यानं.

"आठवतंय त्याला कशाला तरास द्यायचा, अक्का? इसरलेल्यालाच रोज उठवायचं," तो म्हणाला होता.

सकाळी चुलीपाशी येऊन तो आईला "ओहायो गोझाइमास" म्हणे. म्हणजे नमस्कार, सकाळचा. आई म्हणायची, "तुलाबी तसंच, माझ्या बाबा. आता दात घास."

सात वर्षांत तो एकाही जपानी माणसाशी बोलला नव्हता. ते त्याला आतून खात असे. एकदा तरी तिथल्या माणसानं मला बरोबर म्हटलं पाहिजे, नाहीतर ही भाषा मी माझ्या मनानंच रचलेली असायची, असं तो मला म्हणाला होता.

आणि माणूस आला. बौद्धवाड्यातल्या लोकांनी स्वतः विटा वाहून विहार बांधला होता. त्याच्या उद्घाटनाला नागपूरहून एक जपानी भिक्खू आले. सोबतचा दुभाषी तापानं नागपुरातच राहिला. भिक्खूंना हिंदीचे दहा-बारा शब्द येत होते, तेवढेच. वाड्यातले चंद्रभान मास्तर आमच्या किराणा दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले आणि आमच्या वडिलांना, आप्पांना, म्हणाले, शिवरुद्रला दुपारपुरतं पाठवा. शिवरुद्र आतून उठलाच होता.

दुकानात तेव्हा किशनराव बसले होते. गावातली निम्मी जमीन त्यांची. ते हसत म्हणाले, "जाऊ द्या की आप्पा. जपानी शिकलंय लेकरू. तिकडचा चहाबी पिऊन येईल. आमी काय, तेल-मीठ पालमहून आणू."

आमचे वडील गुरुसिद्धप्पा वाईट नव्हते. दुकान गेलं तर खायचं काय, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी वर न पाहता मास्तरांना सांगितलं, त्याला बरं न्हाई. आत आई म्हणाली, "रोज बसवण्णांची वचनं म्हणता, त्यांत हेच हाय का?" आप्पा परत दुकानात जाऊन बसले. शिवरुद्र उठला होता तसाच परत खाली बसला. सत्तावीस वर्षांचा होता तो.

मग त्यानंच तोड काढली. परसदारानं मास्तरांकडे टू-इन-वन आणि कोरी कॅसेट पाठवली, सोबत निरोप: भिक्खूंचं बोलणं टेप करून आणा, मी मराठीत लिहून देतो, संध्याकाळच्या सभेत वाचा. मास्तर पेटी आणि कॅसेट घेऊन परत आले तेव्हा परसातल्या चिंचेखाली मीच उभी होते. कॅसेट माझ्या हातात देताना ते म्हणाले, "तुमच्या घराला आमच्याकडचा आवाज चालतो म्हणायचा, अक्का. माणूस तेवढा चालत न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

शिवरुद्रनं कोठीत बसून ऐकलं, भराभर लिहिलं, कागद पाठवून दिला. सभेत तो वाचला गेला, माणसं रडली, असं नंतर कळलं. पण मास्तरांनी हिंदीत शिवरुद्रचं सांगितलं असावं, कारण टेपच्या शेवटी चार वाक्यं त्याच्यासाठी होती, ती त्यानं कागदावर घेतली नव्हती. मला मात्र वाचून दाखवावीत तशी सांगितली. "हे जो ऐकतोय त्याला मला भेटायचंय. इतक्या दूर, एकट्यानं, तुम्ही ही भाषा कशी शिकलात? उद्या सकाळच्या गाडीपर्यंत मी इथं आहे. या." सांगून झालं आणि त्यानं पुन्हा टेप मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं मी पाथरीला निघाले होते. पिशवी घेऊन तो मला सोडायला आला. फाट्यावर भिक्खू उभे होते, पिवळी वस्त्रं, पायात साधी चप्पल. भोवती वाड्यातली माणसं. समोर हॉटेलच्या बाकड्यावर किशनरावांची दोन माणसं चहा पीत बसलेली. शिवरुद्र लिंबाच्या बुंध्याशी थांबला. मी म्हटलं, जा. त्याचे ओठ हलत होते, वाक्य जुळवत होता. गाडी आली. त्यानं पिशवी माझ्या हातात दिली आणि तिथंच उभा राहिला.

गाडीत भिक्खू माझ्या पुढच्या बाकावर बसले. पिंगळी गाव मागे पडलं आणि मला राहवेना. शेवटी मी म्हटलं, "ओहायो गोझाइमास." ते वळले. चेहरा असा उजळला की मला लाजच वाटली. मग ते बोलतच राहिले, किती तरी वेळ, डोळ्यांत पाणी आणून, आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना समजलं. त्यांनी हात जोडले आणि परभणीपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

पुढच्या वर्षी संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. चंद्रभान मास्तर दुकानात पेढे घेऊन आले. आप्पांनी पेढा घेतला, पण मास्तर जाईपर्यंत हातातच धरून ठेवला. मास्तर हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, परभणीत घर बांधलं, तिथंच वारले. किशनरावांनी जीप घेतली आणि तेल-मीठ पालमहूनच आणायला लागले. आप्पा त्या दुकानातच वारले, आई त्यांच्या आधी. भिक्खूंचं पुढं काय झालं ते कोणालाच माहीत नाही.

शिवरुद्रनं त्या दिवसानंतर जपानचं स्टेशन लावलं नाही. क्लास बंद पडला, त्या शब्दांच्या प्रोग्रामची फ्लॉपी बुरशीनं गेली. आता तो दुकानात मोबाईलचं रिचार्ज करून देतो. माझी नात पुण्याला असते, फोनवर जपानी शिकते, तिथली कार्टूनं बघून. विसरलेले शब्द फोन तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. दिवाळीत तिनं शिवरुद्रला विचारलं, मामाआजोबा, तुम्हाला येत होतं म्हणे?

"न्हाई गं," तो म्हणाला, "आमच्याकडं नुसती पेटी होती."