लाल चिमटा

आमच्या सोनोग्राफीच्या खोलीत एक न लिहिलेला नियम आहे. जिला गर्भ ठेवायचा नाही, तिच्या फाइलला वॉर्डातल्या मावशी कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावतात. चिमटा दिसला की मी स्क्रीन स्वतःकडे वळवायची, आवाज बंद ठेवायचा, मापं घ्यायची आणि मोकळं व्हायचं. "जिला बघायचं नाही तिला दाखवू नये, एवढंच," असं मावशींचं म्हणणं.

मला त्या चिमट्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझं स्वतःचं बाळ नवव्या आठवड्यात गेलं. नवरा म्हणाला, "अजून कुठे काय होतं?" त्याला धीरच द्यायचा होता, पण ते वाक्य मनाला लागलं ते लागलंच. बाळाचा एकुलता एक फोटो मी इथल्याच ड्रॉवरमध्ये एका पाकिटात ठेवलाय. आणि त्याच खोलीत बायका आपणहून नको म्हणत यायच्या. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे, तेही तोंड वाकडं करून.

त्या दुपारी खिडकीचा पडदा सारखा सरकत होता आणि ऊन थेट स्क्रीनवर येत होतं. डोकं आधीच तापलेलं. समोरच्या फाइलींच्या गठ्ठ्यावरचा चिमटा हाताला लागला, तो ओढून पडद्याला लावला आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पस्तिशीची असेल. जेली लावली, पोटावर प्रोब फिरवला, सवयीने स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि आवाज मोठा केला. "हे बघा ताई, ठोके. छान चाललेत."

ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग पडद्याकडे. "तो चिमटा माझ्या फाइलचा होता," ती म्हणाली.

मी घाईघाईने आवाज बंद केला.

"असू दे. ऐकलंच आहे, तर नीट ऐकू द्या."

मी आवाज पुन्हा लावला. ती छताकडे बघत बोलू लागली.

"सासूबाई म्हणतात, हा खून आहे. नवरा म्हणतो, दात काढण्याइतकं सोपं आहे. जीव लावतात हो दोघंही. पण धाकट्याच्या वेळी मी आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. एकदा तर जीव द्यायला निघाले होते. सहा वर्षांची पोर त्याला बाटली पाजायची आणि मला विचारायची, 'आई, आज उठणार का तू?' डॉक्टर म्हणतात, पुन्हा तसं होऊ शकतं. झालं तर या खेपेला मी उठेन असं वाटत नाही." मग तिने मान वळवली. "तुम्ही रोज बघता. खरं सांगा, हे कोणी आहे का?"

तासाभरापूर्वी विचारलं असतं तर मी ताडकन उत्तर दिलं असतं.

"माझं नऊ आठवड्यांचं गेलं," मी म्हणाले. "माझ्यासाठी ते कोणीतरी होतं. अजून आहे. तुमचं मी कसं सांगू?"

"मलाही हे कोणीतरीच वाटतं. म्हणून तर यायला इतके दिवस लागले. पण घरी दोन्ही पोरं माझी वाट बघतायत."

इतकी वर्षं मी समजत होते की चिमटावाल्या बायकांना काही वाटत नाही, म्हणून त्या येतात. माझी मलाच लाज वाटली. "चुकलं माझं," मी म्हणाले, आणि ते फक्त त्या दुपारपुरतं नव्हतं. एरवी मी कागद हातात देते, आज तिच्या पोटावरची जेली मीच पुसली.

"फोटो मिळेल?" तिने विचारलं. नियमात बसत नव्हतं. मी काढून दिला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि मला परत दिला.

"घरी कुठे ठेवू? पोरगी एक कपाट सोडत नाही. तुमचा कुठे आहे?"

मी ड्रॉवर उघडून पाकीट दाखवलं.

"त्यात जागा आहे?"

"आहे," मी म्हणाले आणि तिच्यासमोरच तो माझ्या फोटोशेजारी ठेवला. तिने चपला घातल्या. मी पडद्याचा चिमटा काढून तिच्या फाइलला नीट घट्ट लावला, कारण पुढच्या खोलीत कोणी नकळत तिचं अभिनंदन करायला नको होतं. ऊन स्क्रीनवर आलं, ते येऊ दिलं.