शाईच्या दगडात राख

मित्रांनो, मी शाई उगाळायचा एक जुना काळा दगड आहे. चीनमधल्या खाणीतून निघालो, घासूनपुसून गुळगुळीत झालो आणि मस्कतच्या रुवी भागात दुकान चालवणाऱ्या चिनी लिनबरोबर ओमानला आलो. ओमान सोडताना तिने मला आपल्या मैत्रिणीला, मस्कतमध्येच दार्सैतला राहणाऱ्या अंबरीनला दिले.

शाईने प्लमची फुले काढायला अंबरीन तिच्याकडूनच शिकली होती. हे झाड कडाक्याच्या थंडीत, अंगावर पान नसताना फुलते. लिन म्हणायची, "फूल सबका एक जैसा. डाली अपनी-अपनी."

रत्नागिरीला आई वारली आणि अंबरीनला वेळेत पोहोचता आले नाही, तेव्हा तिने माझ्यावर शाईची कांडी उगाळली. जमिनीकडे वाकलेली एक फांदी काढली, टोकाला एकच कळी. चारचौघांत न रडलेली बाई त्या कागदासमोर रडली. मला धन्य वाटले.

पुढे वडिलांच्या आजारपणात ती गावी गेली. इकडे तिचा नवरा झुबेर रोज मित्र जमवू लागला. "हा खोलगट आहे, बरा आहे," म्हणत त्याने माझ्यात सिगारेट विझवली. मग थोटके, चहाचा गाळ, चघळलेली सुपारी. त्या मित्रांपैकी हुसैनमियाँ तर खाकरून माझ्यातच थुंकत. ती कोमट, चिकट थुंकी अंगावर वाळत जाई. मला स्वतःचीच किळस येऊ लागली.

अंबरीन परतली. ओढणी नाकाला लावून माझ्याकडे बघत राहिली.

"दगडच तर आहे," झुबेर म्हणाला. "धुऊन टाक."

तिने थोटके तेवढी काढून टाकली. मला धुतले नाही. त्याच घाणीत पाणी घालून शाई उगाळली आणि चित्र काढले. फांदी खरखरीत, फुले डागाळलेली. ते तिने सोफ्यासमोर टांगले.

शुक्रवारी हुसैनमियाँ चहा पिता पिता थबकले. "भाभी, ही फुलं सडल्यासारखी का दिसतात?"

"तुमचीच राख आहे त्यात," अंबरीन म्हणाली. "थुंकीही असेल."

त्यांनी कप खाली ठेवला. चहा कुणीच संपवला नाही. सगळे गेल्यावर झुबेरने मला उचलले आणि नाक मुरडत, जुन्या टूथब्रशने घासू लागला. अंबरीन दारात उभी होती. ती मदतीला आली नाही.

वास मात्र अजून गेलेला नाही. पाणी पडले की वर येतो आणि अंबरीन तोंड फिरवते. मित्रांनो, घरात कुणाची वस्तू नुसती पडून दिसली, तर ती कशासाठी आहे, हे आधी त्या माणसाला विचारा. मला घासून झाले. पण अंबरीनने अजून नवी कळी काढलेली नाही.