जिभेखालची गोळी

सासूबाईंनी पुरणाचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि तशाच भिंतीला टेकल्या. सकाळचे दहा वाजले होते. महालक्ष्म्यांचा नैवेद्य संध्याकाळी, आणि सोळा भाज्यांतल्या नऊ अजून व्हायच्या होत्या.

"पाठ भरून आली गं अपर्णे. जबडाबी ठणकून राहिला," त्या म्हणाल्या. कपाळ घामाने निथळत होतं. मी पुसायला पुढे झाले, तर म्हणाल्या, "शिवू नको, सोवळं हाय." मीही शहाणी, शिवले नाही.

दवाखान्याचं काढलं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. "छातीत कुठं दुखून राहिलं? ह्यांच्या दुखलं व्हतं छातीत. हे पित्त हाय."

ह्यांच्या म्हणजे माणिकरावांच्या, माझ्या सासऱ्यांच्या. दोन वर्षांपूर्वी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी छातीवर हात ठेवला, तशा सासूबाई अनवाणी रस्त्यावर धावल्या. जवळा बाजारला निघालेली जीप अडवून त्यांना थेट नांदेडला नेलं. जीव वाचला. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या सतत जवळ बाळगायला सांगितलं. मामंजींच्या खिशात काही टिकत नाही, म्हणून ती पट्टी सासूबाईंच्या कंबरेच्या चंचीत गेली. तेव्हापासून लग्न असो की मयत, त्या मामंजींच्या मागे दोन पावलांवर. छाती दाटली की मामंजी न बघता तळहात मागे करत आणि त्यावर गोळी येई. सोवळ्यातही चंची कंबरेला असे. औषधाला विटाळ नसतो, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

दुपारी त्यांना उलटी झाली. मी मामंजींना सांगितलं. उपाशीपोटी पित्त खवळतं, लिंबू-सोडा दे, म्हणाले. माझा नवरा बालाजी म्हणाला, नैवेद्य झाला की नेऊ, माणसं जेवायला सांगितलीत. मला आजही त्या दोघांचा राग येतो, आणि माझा त्याहून जास्त.

आरती झाली, पंगत उठली. मग सासूबाई चुलीपुढे कलंडल्या, तेव्हा कुठे जीप आली.

नांदेडला पोचलो आणि थोड्याच वेळात सासूबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, "अटॅक सकाळीच आलाय. बायकांना पुष्कळदा असाच येतो, पाठ, जबडा, उलटी. दिवसभर काय करत होतात?"

जेवत होतो, असं कसं सांगणार?

नर्सने चंची आणून माझ्या हातात दिली. आत सुपारीची खांडं, आणि परवाच आणलेली गोळ्यांची अख्खी पट्टी. एकही फोडलेली नव्हती.

बाहेर मामंजी बाकावर बसले होते. त्यांचा श्वास जड झाला. सवयीने त्यांनी न बघता तळहात मागे केला. मी पट्टीतली पहिली गोळी फोडून त्यावर ठेवली. त्यांनी ती जिभेखाली सरकवली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.